टिपूची आई आणि दिवेकरांचं सिनेगॉग

बर्लिनमध्ये ज्यू तरुणीला नाझींपासून लपवणाऱ्या डॉ. मोहम्मद हेल्मींना इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने २०१३मध्ये गौरवलं. मुस्लिमाने ज्यूला वाचवल्याची आपल्याकडची गोष्ट त्याहून जुनी. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०-८४) ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कैदी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, असल्याचं कळताच टिपूच्या आईने, कुराणात ज्यांचा उल्लेख आहे त्या लोकांना मारू नका, म्हणून रदबदली केली, असं त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आठवण तोंडी आहे. पण कोकणातल्या ज्यूंनी आपल्या माणसाच्या सुटकेचं श्रेय एका मुस्लिम स्त्रीला दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं. मुंबईत परतल्यावर दिवेकरांनी १७९६मध्ये मांडवीत सिनेगॉग बांधलं. ‘जुनी मशीद’ नावानेही ओळखलं जाणारं हे प्रार्थनास्थळ मशीद बंदर स्टेशनजवळ आजही आहे.