पुन्हा गरम केलं म्हणजे झालं?

रात्री भात उरतो. पातेल्यावर झाकण ठेवून तो ओट्यावरच राहतो आणि सकाळी त्याला फोडणी बसते. वास आलेला नसतो, चवही बिघडलेली नसते. ‘चांगला परतलाय, आता काय होणार?’ असं आपण म्हणतो. दोन-तीन तासांत घरातल्या कुणाला तरी उलट्या सुरू होतात आणि दोष जातो पित्ताला!

खरा दोष असतो तो ओट्यावर गेलेल्या रात्रीचा. ‘बॅसिलस सिरियस’ नावाचे जंतू मातीतून तांदळाबरोबर घरात येतात. त्यांची बीजं भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट झाला की ती रुजतात, जंतू वाढतात आणि अन्नात विष सोडतात. फोडणीच्या आचेनं जंतू मरतील, पण हे विष तसंच राहतं.

बासुंदी, खवा, पेढे यांचंही असंच. करणाऱ्याच्या बोटावर पिकलेली जखम असेल, तर ‘स्टॅफिलोकॉकस’ हे जंतू पदार्थात उतरतात. पदार्थ तासन्‌तास बाहेर राहिला, तर त्यांनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही.

म्हणून आचेइतकंच घड्याळाकडे पाहायला हवं. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात. परिस्थिती अनुकूल असेल, तर दर 20 मिनिटांनी दुप्पट. या हिशेबानं एका जंतूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक होतात!

उपाय मात्र सोपा आहे. मोठ्या पातेल्यातलं अन्न मध्यभागी बराच वेळ कोमट राहतं. म्हणून उरलेला भात परातीत पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल, तर बेताचाच शिजवावा. कार्यात पंगती लांबल्या, तर अन्न वाफाळतं ठेवावं. हाताला जखम असलेल्यानं स्वयंपाकाला हात लावू नये.

त्रास झालाच, तर जलसंजीवनी घोट घोट द्यावी. लहान मूल, वृद्ध किंवा गरोदर स्त्री असेल, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडलं, तर डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नये.

अन्न टाकणं आपल्या जिवावर येतं, आणि ते योग्यच आहे. पण रात्रभर बाहेर राहिलेला भात गरम करून वाचत नाही. तो वाचवायचा असतो आदल्या रात्री, जेवणं उरकल्याबरोबर.