अस्वलाला पाठिंबा म्हणजे नेमके काय?

‘अस्वलांच्या संरक्षणाला लोकांचा पाठिंबा आहे’ याचा अर्थ लोकांना अस्वल आवडते, असा सर्रास घेतला जातो. अभ्यासक मात्र दोन गोष्टी वेगळ्या धरतात: प्राण्याबद्दलचे मत आणि सहिष्णुता (त्याच्या वावराची झळ सोसण्याची तयारी). गावाला रस्ता हवा असतो. तो आपल्याच धुऱ्यावरून जाणार म्हटले की माणूस थबकतो, तसेच हे. चिखलदरा-धारणीकडे किंवा अकोटच्या जंगलकाठी उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे मोहफुले वेचणारी बाई आणि तीच फुले खायला आलेले अस्वल एकाच झाडाखाली समोरासमोर येऊ शकतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत (सर्वाधिक संरक्षणाची यादी) आहे. त्या बाईची भीती म्हणजे या संरक्षणाला विरोध नव्हे. पाठिंबा मोजताना अमरावती शहरातल्या माणसाच्या होकारापेक्षा तिच्या उत्तराला, माझ्या मते, जास्त वजन हवे.