परमुलखात पर्यटनाचं दुकान

थायलंडची सहल करून आलेल्या मंडळींच्या गप्पा कधी ऐकल्या आहेत? पहिले दोन दिवस समुद्राचं, नौकांचं, रात्रीच्या बाजाराचं वर्णन चालतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बोटांवर हिशेब मांडतो. बसमध्ये माणसं इतकी, माणशी पैसे इतके, खर्च इतका. आणि मग हळूच म्हणतो, ''आपणच तिथं एक ऑफिस टाकलं तर? आपल्या लोकांना आपलं जेवण, आपली भाषा. धंदा कुठं जात नाही!''

हा विचार काही वेडगळ नाही. २०१९ साली जवळपास चार कोटी परदेशी पर्यटक थायलंडला गेले होते. महामारीनंतर गाडी पुन्हा रुळावर आली आणि २०२४ मध्ये हा आकडा साडेतीन कोटींच्या पुढे गेला. त्यात भारतीय वीस लाखांहून अधिक होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या देशानं भारतीयांना व्हिसामाफी दिली, तेव्हा तर जाणं फारच सोपं झालं. मात्र पाहुणा म्हणून जाणं वेगळं आणि तिथं दुकान मांडणं वेगळं. पाहुण्याला दार सताड उघडं असतं, दुकानदाराला मात्र एकामागून एक तीन दारं ओलांडावी लागतात.

पहिलं दार मालकीचं. थायलंडमध्ये १९९९ साली परकीय व्यवसाय कायदा झाला. ज्या कंपनीचं निम्मं किंवा त्याहून अधिक भांडवल परकीयांच्या हातात, ती कंपनी परकीय, अशी त्याची सरळ व्याख्या आहे. कायद्याला तीन याद्या जोडल्या आहेत. पहिल्या यादीतले धंदे परकीयांना पूर्ण बंद. वर्तमानपत्र काढणं, भातशेती करणं, जमिनीची खरेदी-विक्री ही त्यातली उदाहरणं. दुसऱ्या यादीला मंत्रिमंडळाची संमती लागते. तिसऱ्या यादीत असे धंदे आहेत, ज्यांत थाई माणूस परकीयांशी टक्कर द्यायला अजून तयार नाही, असं त्या सरकारला वाटतं. सहली नेणं, हॉटेल चालवणं, खाद्यपेयं विकणं हे सगळं या तिसऱ्या यादीत येतं. म्हणजे आपल्या माणसाच्या डोक्यात येणारे बहुतेक धंदे नेमके इथंच अडतात.

दुसरं दार परवान्याचं. २००८ साली तिथं पर्यटन व्यवसाय आणि मार्गदर्शक यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. सहल कंपनीला पर्यटन विभागाचा परवाना लागतो आणि त्यासाठी अनामत रक्कम ठेवावी लागते. परवाना मागणाऱ्या कंपनीचं किमान ५१ टक्के भांडवल थाई नागरिकांचं हवं, शिवाय निम्म्याहून अधिक संचालकही थाई हवेत. ही दुसरी अट महत्त्वाची आहे. 'भांडवल त्यांचं असू द्या, कारभार आपला ठेवू,' अशी पळवाट अनेकांच्या मनात असते. संचालक मंडळातच आपण अल्पसंख्य असलो, की ती वाट फार लांब जात नाही.

तिसरं दार कामाचं. कंपनीत भागीदार असणं म्हणजे तिथं काम करण्याची मुभा असणं नव्हे. त्यासाठी वेगळा व्हिसा आणि वर्क परमिट लागतं. सर्वसाधारण नियम असा, की एका परकीय माणसामागं कंपनीचं वीस लाख बाट भरणा भांडवल आणि चार थाई नोकर हवेत. आपल्या पैशात हे भांडवल पन्नास लाख रुपयांच्या वर जातं. पर्यटक म्हणून उतरून, किनाऱ्यावर टेबल टाकून तिकिटं फाडणं हा सरळ गुन्हा ठरतो.

एवढ्यावरही संपत नाही. वर्क परमिट मिळालं तरी काही कामं परकीयांनी करायचीच नाहीत, असं १९७९ पासून ठरलेलं आहे. तेव्हाच्या यादीत ३९ कामं होती. केस कापणं, बुद्धमूर्ती घडवणं यांच्याबरोबर त्यात पर्यटक मार्गदर्शकाचं कामही होतं. पुढे यादीत फेरफार झाले, पण मार्गदर्शकाचं काम राखीवच राहिलं. आपल्या गटाला घेऊन देवळात गेलात आणि 'ही मूर्ती अमुक काळातली' असं सांगू लागलात, तर तुम्ही थाई माणसाची रोजी घेता, असं तिथला कायदा मानतो. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे प्रथम विचित्र वाटलं. बोलणं हेही राखीव काम असू शकतं! पण विचार केल्यावर पटतं. आपल्या गावची गोष्ट पाहुण्याला सांगण्याचा पहिला हक्क गावकऱ्याचाच.

आता पळवाटेविषयी बोलू. कोकणातल्या कितीतरी घरांना आखातातला कफील ठाऊक आहे. दुबईत मुख्य भूमीवर दुकान काढायचं, तर ५१ टक्के भाग स्थानिक अरबाच्या नावावर असे आणि त्याला वर्षाकाठी ठरलेली रक्कम पोचवली जाई. दुकान मात्र आपला माणूस चालवी. २०२१ साली तिथला नियम सैल झाला आणि बहुतेक धंद्यांत परकीयांना पूर्ण मालकी मिळू लागली. ही जुनी सवय मनात घेऊन माणूस थायलंडला जातो आणि म्हणतो, ''एखाद्या थाई कारकुनाच्या नावावर ५१ टक्के लावू, त्याला महिना काही देऊ.'' याला आपल्याकडे बेनामी म्हणतात. थायलंडमध्ये नाव देणारा आणि नाव घेणारा दोघंही गुन्हेगार ठरतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख ते दहा लाख बाट दंड, किंवा दोन्ही. थाई भागीदारानं आपला वाटा खरोखर आपल्याच पैशातून भरला का, याचा बँकेचा पुरावा मागितला जातो. २०२४ नंतर तर अशा नामधारी कंपन्यांविरुद्धची मोहीम अधिकच कडक झाली.

आणि कायद्याची भीती बाजूला ठेवली, तरी साधा व्यवहार पाहा. कागदावर धंदा दुसऱ्याचा आहे. उद्या त्यानं हात वर केले, किंवा तो वारला आणि त्याची मुलं दारात उभी राहिली, तर तुम्ही कोणत्या कोर्टात जाणार? 'आम्ही दोघांनी मिळून कायदा मोडला होता' असं सांगून न्याय मागता येत नाही.

हे नियम केवळ परकीयांवर राग म्हणून केलेले नाहीत. २०१६ साली थायलंडनं 'शून्य डॉलर सहलीं'विरुद्ध मोठी मोहीम उघडली. या सहलींची रीत अशी : पर्यटकाला फुकटाच्या भावात आणायचं, मग ठरलेल्या दुकानांत नेऊन दागिने, गाद्या, औषधं चढ्या भावात त्याच्या गळ्यात मारायची. बस आपली, दुकान आपलं, हॉटेल आपलं. पैसा फिरून परत परदेशात. तिथल्या गावाच्या वाट्याला फक्त गर्दी आणि कचरा. कित्येकदा परवानाधारक थाई मार्गदर्शक बसमध्ये नुसता बसून राही आणि बोलण्याचं काम परकीय माणूस करी. बसून राहण्याचे पैसे मिळत, पण हळूहळू त्या माणसाचं बोलणंच संपून जाई.

५ जुलै २०१८ रोजी फुकेटजवळ वादळात 'फिनिक्स' ही पर्यटक नौका बुडाली आणि ४७ चिनी पर्यटक मेले. त्यानंतर नामधारी मालकांच्या आड चालणाऱ्या सहल कंपन्यांची चौकशी सुरू झाली. मालक कोण, हा प्रश्न अशा दिवशी केवळ हिशेबाचा राहत नाही. नौका भक्कम होती का, हवामानाचा इशारा असताना ती का सोडली, याचं उत्तर कुणीतरी द्यावं लागतं. ज्याचं फक्त नाव आहे, तो ते देऊ शकत नाही. ज्याचा धंदा आहे, त्याचं नावच कुठं नसतं.

आपल्याला हे समजायला फार लांब जायला नको. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन भाषेतल्या पाट्या लागल्या, तेव्हा तिथल्या टॅक्सीवाल्यांनी तक्रार केलीच होती, की पाहुणे येतात, पण आमच्या गाडीत बसत नाहीत. गोव्यातल्या टॅक्सीवाल्याचं म्हणणं आपल्याला रास्त वाटत असेल, तर फुकेटच्या मार्गदर्शकाचंही वाटायला हवं.

मग सरळ वाट कोणती? सर्वांत सोपी अशी, की दुकान इथंच ठेवावं. पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात गिऱ्हाईक जमवावं आणि तिथला कारभार परवाना असलेल्या थाई कंपनीकडे कराराने सोपवावा. आपला माणूस गटाबरोबर जातो, जेवणाखाण्याचं, खोल्यांचं, आजाऱ्याचं पाहतो. स्थळांची माहिती थाई मार्गदर्शक देतो. दुसरी वाट खऱ्या भागीदारीची. थाई भागीदार पैसा घालणारा, धंदा जाणणारा हवा आणि त्याचा शब्द कंपनीत चालायला हवा. आपण ४९ टक्क्यांत समाधान मानायचं.

पैसा नेण्याचा रस्ताही स्वच्छ हवा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतून एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. परदेशी कंपनीत भाग घ्यायचा, तर २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे बँकेमार्फत नोंद करावी लागते आणि साधारणपणे दरवर्षी त्या कंपनीचा अहवालही द्यावा लागतो. हवाल्यानं पाठवलेला पैसा बुडाला, तर तो आपला होता हेही सिद्ध करता येत नाही.

शिवाय हंगाम पाहावा. फुकेटच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पाऊस आणि खवळलेला समुद्र. सिमिलान बेटं दरवर्षी या काळात बंदच असतात. कोह सामुईला उलट वर्षअखेरीस पाऊस झोडपतो. भाडं आणि पगार मात्र बारा महिने. त्यावर अचानक येणारे घाव वेगळे. २००४ ची त्सुनामी, २००८ मध्ये निदर्शकांनी बंद पाडलेले बँकॉकचे विमानतळ, आणि महामारीत २०२१ साली अख्ख्या वर्षात आलेले जेमतेम सव्वाचार लाख पर्यटक. चार कोटींवरून सव्वाचार लाख! निदान एक वर्ष गिऱ्हाईकाशिवाय तग धरता येईल एवढी पुंजी गाठीला नसेल, तर या वाटेला जाऊ नये.

घरातले दागिने मोडून, जमिनीचा तुकडा विकून परदेशी जाणारी माणसं आपल्यात कमी नाहीत. त्यांना एवढंच सांगायचं आहे : निघण्यापूर्वी तिथल्या एखाद्या वकिलाला फी देऊन एक दिवस बसा आणि तीन प्रश्न विचारा. कागदावर मालक कोण? परवाना कुणाच्या नावे? आणि मी तिथं नेमकं कोणतं काम करू शकतो? तिन्ही उत्तरं तुम्हाला घरच्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवता आली, तरच तिकीट काढा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)