साठ किलोमीटरच्या आतलं लाकूड

शनिवारवाड्याचा साग जुन्नरच्या जंगलातून आला, दगड चिंचवडच्या खाणींतून, चुना जेजुरीहून. १७३२मध्ये वास्तुशांत झाली. स्थानिक साहित्याचा आग्रह वगैरे तेव्हा कुणी धरला नव्हता. बैलगाडी जिथवर पोचेल तिथलंच सामान वापरायचं, एवढाच हिशेब. १८२८मध्ये आग लागली, ती आठवडाभर विझेना. उरला तो चौथरा, तट आणि दिल्ली दरवाजा.

वाड्यानंतर पाचच वर्षांनी, १७३७मध्ये, उत्तर स्वीडनमधल्या शेलेफ्तेओ इथे नदीवर एक लाकडी पूल झाला. तो आजही उभा आहे. त्याच शहरात २०२१मध्ये सारा कुल्तूरहूस सुरू झालं : ग्रंथालय, नाट्यगृह, कलादालनं आणि त्यांच्या शेजारी हॉटेलचा वीस मजली, ७५ मीटर उंच मनोरा. सांगाडा मुख्यतः लाकडाचा. बारा हजार घनमीटरहून जास्त लाकूड लागलं आणि ते आलं साठ किलोमीटरच्या आतल्या जंगलांतून. कापलं तेही त्याच तालुक्यातल्या गिरणीत.

मनोऱ्याच्या भिंती म्हणजे फळ्यांचे थर, एक उभा, एक आडवा, असे चिकटवलेले. लाकूड फुगतं-आकसतं ते मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने; आडवा थर शेजारच्याला जागेवर धरून ठेवतो. लिफ्टचे उभे गाळेसुद्धा याच भिंतींचे. हॉटेलच्या खोल्या कारखान्यातून तयार होऊन आल्या आणि एकावर एक रचल्या. गंमत अशी की लाकूड फारच हलकं पडलं, म्हणून वाऱ्याने डोलू नये यासाठी सर्वांत वरच्या मजल्यांवर मुद्दाम काँक्रीटचं वजन घातलं.

आणि आग? जाड तुळई मिनिटाला साधारण ०.७ मिलिमीटर या गतीने जळते. बाहेर कोळशाचा थर धरतो आणि तोच आतल्या लाकडाला झाकतो. तासाभरात चारेक सेंटिमीटर जाणार, हे धरूनच तुळई जाड घेतात. शिवाय पाण्याचे फवारे असतात. हा हिशेब पटायला स्वीडनलाही वेळ लागला. १८७४च्या नियमाने तिथे लाकडी घर दोन मजल्यांवर जाऊ शकत नव्हतं. त्यात १८८८मध्ये सुंद्सवाल आणि उमेओ ही दोन शहरं एकाच दिवशी जळाली. तो नियम हटायला १९९४ उजाडलं.

इमारतीला नाव दिलंय ते सारा लिडमन या लेखिकेचं. उत्तरेत रेल्वे कशी आली आणि तिने माणसांचं काय केलं, यावर त्यांनी कादंबऱ्यांची मालिका लिहिली. उत्तरेचं लाकूड आणि धातू दक्षिणेकडे वाहून जातात, हे त्यांना सलत होतं. इथे निदान लाकूड गावात राहिलं.

पण जवळचं लाकूड म्हणजे आपोआप शाश्वत लाकूड, असं मी म्हणणार नाही. तोडलं तिथे पुन्हा जंगल उभं करायचं, हा स्वीडनचा कायदा १९०३पासूनचा. तरी सरसकट तोड करून एकाच जातीची झाडं लावण्यावर तिथलेच पर्यावरणवादी तुटून पडतात. उत्तरेतल्या मूळनिवासी सामी लोकांची रेनडिअर हिवाळ्यात ज्या दगडफुलावर जगतात, ते जुन्या जंगलातच भरपूर मिळतं. त्यामुळे इमारतीने नऊ हजार टन कार्बन डायऑक्साइड साठवल्याचा दावा मला अर्धाच वाटतो. उरलेला अर्धा जंगलात जाऊन मोजायला हवा. जंगल साठ किलोमीटरच्या आत असेल तर तो मोजता तरी येतो, आणि माझ्या लेखी जवळच्या लाकडाचा खरा फायदा हाच.

आपल्याकडे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३मध्ये जंगल वाचवायला म्हणून लाकडावर बंदी घातली. सरकारी दारं-खिडक्या पोलाद-अॅल्युमिनियमच्या झाल्या. ते धातू तयार करायला किती ऊर्जा लागते, हे त्यात कुणी धरलं नाही. २०२०मध्ये बंदी उठली. आता तुमच्या तालुक्यात नाट्यगृह किंवा वाचनालय होईल, तेव्हा लाकूड कुठल्या जंगलातलं, एवढं जरूर विचारा. जंगलातून निघालेल्या सागाच्या वाहतूक पासावर ते लिहिलेलं असतं.