जेन कॉनच्या टेबलावर वेलिणकरांचं विमान

सकाळी सहा. इंडियानापोलिसला उजाडतंय तेव्हा अहमदपुरात दुपारचे साडेतीन झालेले असतात. आईचा फोन येतो. सोयाबीनला पाऊस बरा झालाय. "सुट्टी हाय म्हणलास, मग एवढ्या लवकर कुठं निघालास रे?" खेळ मांडायला, आई.

साडेसात. जेन कॉन हा अमेरिकेतला टेबलावरच्या खेळांचा मोठा मेळावा, चार दिवसांचा. मी पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा 'विंग्ज ऑफ ग्लोरी' खेळवतो. आधी शेतं आणि खंदक छापलेला कापडी नकाशा अंथरायचा. मग एकेक विमान स्टँडवर चढवायचं. ती मूळ विमानापेक्षा १४४ पट लहान, तळहातावर मावणारी.

नऊ. पहिली तुकडी बसते. नियम थोडकेच आहेत, पण मी सावकाश सांगतो. प्रत्येकानं पुढच्या तीन हालचालींचे पत्ते आधीच उलटे ठेवायचे आणि सगळ्यांनी एकेक पत्ता एकाच वेळी उघडायचा. शत्रू कुठे वळणार हे कळण्याआधी तुमचं वळण ठरलेलं असतं. गोळी लागते की नाही, हे पट्टी ठेवून मोजायचं. अर्ध्या पट्टीच्या आत असाल तर नुकसान दुप्पट. उलटी फिरकी, म्हणजे इमेलमान, घ्यायची तर तिच्या आधी आणि नंतर सरळ उडावंच लागतं, आणि त्या सरळ रेषेतच माणूस सापडतो. लढाईच्या पुस्तकांतून मला हे इतकं स्पष्ट कधी कळलं नव्हतं.

अकरा. आजचा मुख्य डाव मी रचलेला: जून १९१८, रॉयल एअर फोर्सची २३वी स्क्वाड्रन. त्यातलं सॉपविथ डॉल्फिन मी स्वतः रंगवलंय, मुंबईच्या लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकरांसाठी. डॉल्फिनचा वरचा पंख खालच्यापेक्षा मागे सरकवलेला असतो आणि वैमानिकाचं डोकं त्या पंखातल्या मोकळ्या चौकटीतून वर येतं. वरचं आभाळ लख्ख दिसतं. पण उतरताना विमान उलटलं, तर आघात मानेवरच.

मराठी ऐकून एक कुटुंब थांबतं. "काका, हे मी घेऊ?" दहा-अकरा वर्षांची मुलगी विचारते. घे ना. ती छान उडवते, शेवटी दोन जर्मन फोकर विमानं तिला गाठतात. मग विचारते, "खरे वेलिणकर वाचले का?" त्या महिन्याच्या अखेरीस त्यांचं विमान पाडलं गेलं आणि ३० जूनला ते गेले, एवढं तिला सांगतो. त्यांच्यासारखेच लढलेले इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरोल सेन यांचीही नावं सांगतो. तिचे वडील ती मोबाइलमध्ये लिहून घेतात.

दुपारी दीड. डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी उभ्याउभ्याच.

तीन. माइक कार यांच्या 'फाइट इन द स्काइज' या पहिल्या महायुद्धातल्याच हवाई लढायांच्या खेळाच्या टेबलाशी जातो. १९६८च्या पहिल्या जेन कॉनपासून एकही मेळावा न चुकलेला हा एकमेव खेळ. इथले खेळाडू त्या युद्धातला जर्मन वैमानिक रिश्टहोफेन याचे सगळे सोबती तोंडपाठ सांगतात. त्यांना वेलिणकरही माहीत व्हावेत, म्हणून माझा डाव.

सहा. पंख मोडू नयेत म्हणून प्रत्येक विमान स्पंजच्या खाचेत ठेवतो. उद्या सकाळी पुन्हा हाच डाव आहे.

वेलिणकरांची कबर फ्रान्समध्ये, आमियाँजवळच्या आंगार गावच्या युद्धस्मशानात आहे. त्या बाजूला जाणाऱ्या मराठी माणसानं तिथे जरूर जावं.