विश्लेषण : कोळशाची धूळ रुमालाने का थांबत नाही?

चंद्रपूर जिल्ह्यातील दुर्गापूर, पद्मापूर, माजरी, बल्लारपूर या कोळसा पट्ट्यात तोंडाला रुमाल बांधलेले कामगार रोज दिसतात. डोळ्यांना दिसणारी धूळ रुमाल काही प्रमाणात अडवतो. खरा धोका मात्र न दिसणाऱ्या धुळीचा आहे.

सूक्ष्म धूळ काय करते?

मोठे कण नाका-घशात अडकतात. काही मायक्रॉनचे कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. वर्षानुवर्षे ते साचले की ‘न्यूमोकोनिओसिस’ होतो. कोळशावरचा खडक फोडताना निघणाऱ्या सिलिकाच्या धुळीने ‘सिलिकोसिस’ होतो. एकदा कडक झालेले फुप्फुस पूर्ववत होत नाही. सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षयरोगाचा धोकाही वाढतो.

नियम काय सांगतो?

कोळसा खाण विनियम, २०१७ नुसार कामाच्या ठिकाणी श्वासावाटे फुप्फुसात जाणारी धूळ प्रति घनमीटर हवेत २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. सिलिकाचे प्रमाण ५ टक्के किंवा अधिक असेल, तर मर्यादा आणखी कडक होते.

मग मास्क पुरेसा का नाही?

मास्क हा शेवटचा उपाय आहे. आधी धूळ उगमावरच दाबली पाहिजे. त्यासाठी पाणी सोडत ड्रिलिंग, कोळसा पडतो तिथे फवारे, झाकलेले कन्व्हेयर पट्टे, ओले रस्ते, डंपरची बंद केबिन हे उपाय लागतात आणि ते करणे व्यवस्थापनाचे काम आहे. त्यानंतर एन-९५ सारखा मास्क. तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. दाढी असेल तर फटीतून धूळ शिरते.

ठेका कामगारांचे काय?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत मोफत वार्षिक आरोग्य तपासणीची तरतूद आहे. ठेकेदार बदलला तरी कामाची जागा आरोग्याला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मूळ मालकावर राहते. हे दोन्ही आजार संहितेच्या सूचीत आहेत. ते आढळल्यास डॉक्टरांनी तपासनिसांना कळवायचे असते.

कामगाराने काय करावे?

एक्स-रे आणि तपासणी अहवालाची प्रत स्वतःकडे ठेवावी. किती वर्षे, कुठे, कोणते काम केले याची नोंदही ठेवावी. खोकला, दम लागणे सुरू झाले तर ‘बिडीचा खोकला’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिले वाक्य हेच असावे : ‘मी खाणीत धुळीत काम करतो.’ गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजावर राबणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. आजार लवकर कळला, तर धुळीपासून दूर होऊन उरलेला श्वास तरी वाचवता येतो.