जुनें जर्मन व्हायोलिन

जुन्या पेटींतून निघालेल्या व्हायोलिनच्या पोटांत डोकावून पाहिलें, तर पुष्कळदा एक पिवळट चिठ्ठी दिसते. क्रेमोनाच्या अँटोनिओ स्ट्रॅडिव्हरीनें हें वाद्य अमुक सालीं घडविलें, असा तिच्यावर लॅटिन मजकूर असतो. तो वाचून घरधन्यास वाटतें कीं, आपल्या हातीं मोठा ठेवा लागला. परंतु स्ट्रॅडिव्हरी १७३७ सालीं वारला आणि त्याचीं सुमारें ६५० वाद्येंच आज अवशिष्ट आहेत. उलट अशी चिठ्ठी डकविलेलीं व्हायोलिनें देशोदेशीं अगणित सांपडतात. मग तीं आलीं कोठून?

त्यांतील फार मोठा भाग जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांतला. तेथील मार्कनॉयकिर्खेन या लहानशा गांवीं, धर्मछळामुळें बोहेमिया सोडून आलेल्या बारा व्हायोलिनकारांनीं १६७७ सालीं आपला संघ स्थापिला. एकोणिसाव्या शतकांत धंदा वाढला, तेव्हां कामाची वांटणी झाली. कोणी घरीं बसून केवळ माना कोरी, कोणी फळ्या घडवी, कोणी खुंट्या व घोड्या करी. सरहद्दीपलीकडील शोनबाख गांवाहूनहि सुटे भाग येत. ते जुळवून व रोगण देऊन झालें, कीं व्यापारी तीं वाद्यें परदेशीं रवाना करीत. कारागिराचें नांव बहुधा कोठेंच नसे.

चिठ्ठींत दर वेळीं फसवणुकीचाच हेतु असे, असें नव्हे. व्यापाऱ्यांच्या यादींत स्ट्रॅडिव्हरीचें नांव नमुन्याची खूण म्हणून उघडपणें छापलेलें असे. पुढें १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानें परदेशी मालावर देशाचें नांव सक्तीचें केलें. म्हणून त्यानंतरच्या कित्येक चिठ्ठ्यांवर खालीं ‘जर्मनी’ हा शब्द आढळतो.

चिठ्ठीपेक्षां लाकूड अधिक खरें बोलतें. पुढची फळी स्प्रूसची, कारण तें लाकूड हलकें असूनहि ताठ असतें. पाठ, बाजू व मान मेपलची. फळीच्या कडेनें तीन पातळ पट्ट्यांची रेघ खांचेंत बसवितात. ती शोभा तर आणतेच; शिवाय कडेची चीर आंत सरकूं देत नाहीं. स्वस्त मालांत ही रेघ नुसती शाईनें ओढीत. सर्वांत जाड तारेच्या बाजूस, पोटांत एक लांब पट्टी असते. चांगला कारागीर ती निराळी करून सरसानें चिकटवी. घाईच्या कामांत ती फळींतूनच कोरीत. कोपऱ्यांतले आधाराचे ठोकळेहि कधीं वगळीत, आणि जुनेपणाचा भास व्हावा म्हणून रोगण मुद्दाम मध्येंच फिकें करीत.

परंतु त्याच गांवांतून नेटकें कामहि बाहेर पडे. म्हणून चिठ्ठी खोटी ठरतांच वाद्य टाकाऊ मानणें न्यायाचें नाहीं. फळीची जाडी नीट राखलेली असेल, पट्टी वेगळी बसविलेली असेल, मान सरळ असेल, तर जाणत्या माणसाकडून घोडी व तारा नीट करून घेतल्यावर शंभर वर्षांचें असें व्हायोलिन विद्यार्थ्याच्या हातीं आजहि सुरेल वाजतें. त्याची किंमत करावयाची ती चिठ्ठीवरच्या नांवावरून नव्हे, तर ज्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत, त्यांच्या कामावरून.